सत्कारानंतरची चार वर्षे

शालेय गुणगौरव म्हणजे विद्यार्थ्याने मिळवलेल्या यशाची संस्थेने सर्वांसमक्ष घेतलेली नोंद. ही नोंद एका शाळेपुरती असते तेव्हा तिचे साक्षीदार वर्गमित्र, शिक्षक आणि पालक असतात. तीच संपूर्ण शहराच्या पातळीवर घेतली जाऊ लागली की तिला धोरणाचे रूप येते, कारण कोणत्या यशाला व्यासपीठ द्यायचे आणि कोणते यश वर्गाच्या चार भिंतींत राहू द्यायचे, ही निवड तेथे प्रशासन करीत असते. महाराष्ट्रात ग्रामीण भागातील प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे आणि शहरातील महापालिकेकडे असल्याने, नवी मुंबईसारख्या शहरात ही निवड महापालिकेच्या शिक्षण विभागाच्या हाती आहे आणि तिचा परिणाम हजारो मुलांवर होतो.

हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० साली झाली आणि नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार १ जानेवारी १९९२ रोजी सुरू झाला. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत पसरलेल्या या शहराची ओळख ‘नियोजित शहर’ अशी करून दिली जाते. परंतु महापालिकेच्या शाळेत येणारे मूल बहुधा त्या नियोजनाच्या कडेला राहणारे असते. पूर्वी जिल्हा परिषदेच्या असलेल्या गावठाणांतल्या शाळा पुढे महापालिकेकडे आल्या, त्यांत शहरासाठी जमिनी गेलेल्या आगरी-कोळी प्रकल्पग्रस्तांच्या घरांतली मुले होती. पारसिकच्या डोंगरातील दगडखाणींवर, ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात, तुर्भ्याच्या बाजार समितीत आणि नाक्यानाक्यांवर मजुरी करणाऱ्या कुटुंबांची मुले त्यांच्यात येऊन मिसळली, आणि मराठीबरोबरच हिंदी, उर्दू व इंग्रजी माध्यमांचे वर्ग चालवणे महापालिकेला क्रमप्राप्त झाले. महापालिकेच्या शिष्यवृत्ती योजनेत दगडखाण, बांधकाम व नाका कामगारांची मुले, सफाई कामगारांची मुले, प्रकल्पग्रस्तांची मुले असे स्वतंत्र गट आहेत. या शहराच्या शाळांमध्ये कोण शिकते, याचे इतके स्पष्ट वर्णन दुसऱ्या कुठल्या कागदात क्वचितच सापडेल.

गौरवाचे वार्षिक चक्र सर्वांच्या परिचयाचे आहे. जूनमध्ये प्रवेशोत्सव, सप्टेंबरात शिक्षकदिन, पावसाळा ओसरता ओसरता क्रीडास्पर्धा, हिवाळ्यात विज्ञान प्रदर्शन आणि स्नेहसंमेलन, त्यानंतर शिष्यवृत्ती परीक्षा आणि निकालानंतर सत्कार, असा तो क्रम आहे. शालेय क्रीडास्पर्धांत महापालिका क्षेत्र हा जिल्ह्याच्या तोडीचा घटक मानला जातो. तेथे जिंकलेला संघ विभागीय आणि मग राज्य पातळीवर खेळतो. विज्ञान प्रदर्शनातील निवडक प्रतिकृती ठाणे जिल्ह्याच्या प्रदर्शनाकडे जातात. केंद्र सरकारच्या ‘इन्स्पायर मानक’ योजनेत शालेय विद्यार्थ्याची कल्पना निवडली गेली, तर ती प्रत्यक्षात उतरवण्यासाठी दहा हजार रुपये त्याच्या खात्यावर येतात. यशाचे कौतुक आणि पुढच्या कामाचे साधन एकाच निर्णयात देणारी ही योजना त्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे. स्नेहसंमेलनाचे देणे वेगळे आहे. १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ रंगमंचावर आणणाऱ्या विष्णुदास भावे यांचे नाव वाशीच्या नाट्यगृहाला आहे. घरात आरसाही धड नसलेली एखादी मुलगी अशा रंगमंचाच्या प्रकाशात उभी राहते, तेव्हा तिला मिळणारी ओळख कुठल्याही गुणपत्रिकेत बसत नाही. म्हणूनच स्नेहसंमेलनाला वेळेचा अपव्यय मानणाऱ्या मताशी सहमत होता येत नाही.

तरीही या सगळ्यात मानाचे पान शिष्यवृत्ती परीक्षेला मिळते. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेकडून घेतली जाणारी ही परीक्षा अनेक दशके चौथी व सातवीला होती. २०१६-१७पासून ती पाचवी व आठवीला झाली आणि ती पुन्हा चौथी-सातवीकडे नेण्याचा निर्णय शासनाने २०२५ साली घेतला. प्रथम भाषा व गणित ही एक प्रश्नपत्रिका आणि तृतीय भाषा व बुद्धिमत्ता चाचणी ही दुसरी, अशा प्रत्येकी दीडशे गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका तीत असतात. प्रत्येक प्रश्नपत्रिकेत चाळीस टक्के गुण मिळवणारा विद्यार्थी ‘पात्र’ ठरतो, परंतु शिष्यवृत्ती मिळते ती गुणवत्ता यादीत आलेल्यालाच, आणि त्या याद्या शहरी व ग्रामीण अशा वेगळ्या लावल्या जातात. महापालिकेच्या शाळेतील मुलाची अडचण येथे सुरू होते. ते शहरी यादीत मोजले जाते आणि त्याची गाठ खासगी शिकवणीचे पाठबळ असलेल्या मुलांशी पडते. अशा यादीत त्याचे नाव लागले तर ते यश खरोखरच मोठे असते आणि त्याचा गाजावाजा व्हायलाच हवा. काही शे रुपयांपासून फार तर दीड हजारांपर्यंत रेंगाळलेली शिष्यवृत्तीची वार्षिक रक्कम २०२३ साली पाचवीसाठी पाच हजार आणि आठवीसाठी साडेसात हजार रुपये झाली, त्यामुळे या यशाला घरखर्चाच्या हिशेबातही काही अर्थ आला.

परंतु यादीत नसलेल्या, तरीही ‘पात्र’ ठरलेल्या मुलांचे काय, हा प्रश्न सत्काराच्या दिवशी सहसा विचारला जात नाही. ज्या घरात पूर्वी कोणी सातवीपलीकडे गेले नाही, त्या घरातील मुलाने राज्यपातळीवरच्या परीक्षेत चाळीस टक्क्यांची रेषा ओलांडणे आणि उच्चशिक्षित घरातील मुलाने यादीत वरचा क्रमांक मिळवणे, यांत कापलेले अंतर कोणाचे अधिक, याचा विचार केवळ गुणांकडे पाहून होत नाही. शिक्षणशास्त्रात प्रगतीचे मोजमाप दोन रीतींनी करतात: एक, विद्यार्थी इतरांच्या तुलनेत कुठे उभा आहे हे पाहणे, दुसरी, तो स्वतःच्या मागच्या पातळीपासून किती पुढे आला हे पाहणे. शिक्षण हक्क कायद्याच्या अंमलबजावणीसाठी राज्याने २० ऑगस्ट २०१०च्या शासननिर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले, म्हणजे वर्षअखेरच्या एकाच परीक्षेऐवजी वर्षभराच्या नोंदींवर आधारलेली श्रेणी देण्याची पद्धत आणली, तेव्हा दुसऱ्या रीतीला अधिकृत मान्यता मिळाली. राज्य मंडळाने दहावीची गुणवत्ता यादी जाहीर करणे थांबवले, त्यालाही आता बरीच वर्षे लोटली. मूल्यमापनाची रीत बदलली, तरी व्यासपीठ मात्र अजून क्रमांकाचीच भाषा बोलते.

गौरवाने काय साधू शकते, याचे मराठी समाजाच्या इतिहासातील सर्वांत मोठे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या बालपणातले आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांनी साताऱ्याच्या शाळेत प्रवेश घेतला आणि तो दिवस आता राज्यात ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो; परंतु शाळाशाळांत त्या दिवशी सांगितला जावा असा दुसरा प्रसंग मुंबईतला आहे. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी तो स्वतः नोंदवला आहे. इंग्रजी चौथी इयत्ता उत्तीर्ण झाल्यावर समाजातील मंडळींनी त्यांचा जाहीर सत्कार करायचे ठरवले. इतर समाजांच्या मानाने हे यश किरकोळ होते, परंतु त्या पायरीपर्यंत पोहोचलेला हा समाजातला पहिला मुलगा होता. वडिलांनी, रामजी सकपाळांनी, साफ नकार दिला. मुलगा केवळ एक परीक्षा उत्तीर्ण झाला आहे, सत्काराने त्याच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. अखेर लेखक कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी मध्यस्थी केली, सभा झाली, आणि अध्यक्षपदावरून बोलल्यानंतर केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती ठेवले. चरित्रकारांनी हा सत्कार १९०७ सालच्या मॅट्रिकच्या यशाशी जोडला आहे, परंतु इयत्तेविषयीच्या या फरकाने प्रसंगाचे महत्त्व कमी होत नाही. केळुसकर तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढील शिक्षण पैशांअभावी अडले, तेव्हा त्यांनीच बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली.

या प्रसंगात तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. समाजाने त्या मुलाचे यश इतरांच्या मापाने न मोजता स्वतःच्या परिस्थितीच्या मापाने मोजले. भेट म्हणून पुस्तक दिले. आणि सत्कार करणारा माणूस सत्कारानंतरही मुलाच्या पाठीशी उभा राहिला. आज शहराशहरांत होणाऱ्या गुणगौरव समारंभांत पहिली गोष्ट क्वचित, दुसरी अधूनमधून आणि तिसरी जवळजवळ कधीच दिसत नाही. रामजींची शंकाही निराधार नव्हती. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील एका बालवाडीत केलेल्या प्रयोगात, चित्र काढल्याबद्दल बक्षीस मिळेल असे आधी सांगितलेली मुले नंतर मोकळ्या वेळेत पूर्वीपेक्षा कमी चित्रे काढू लागली, तर अनपेक्षितपणे बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड टिकून राहिली. १९९८ साली म्यूलर आणि ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांवर केलेल्या प्रयोगांत बुद्धीची स्तुती ऐकलेली मुले अपयशानंतर लवकर खचली आणि मेहनतीची स्तुती ऐकलेली मुले चिकाटीने कामाला लागली. व्यासपीठावरून ‘हुशार विद्यार्थी’ म्हणण्याऐवजी त्या मुलाने नेमके काय केले हे सांगितले, तर समारंभाचा खर्च तेवढाच राहून त्याचा उपयोग वाढतो.

नेमके काय केले, हे सांगण्यासाठी मात्र ते कोणीतरी पाहिलेले आणि लिहून ठेवलेले असावे लागते. रोजचा परिपाठ, म्हणजे शाळा भरताना होणारा प्रार्थना, बातम्या आणि विचारांचा पाऊण तासाच्या आतला कार्यक्रम, ही यासाठी सर्वांत उत्तम जागा आहे. पालकांच्या स्थलांतरामुळे खंड पडूनही शाळेत परतलेली मुलगी, धाकट्या भावंडाला सांभाळत वर्षभर हजेरी टिकवणारा मुलगा, घरी हिंदी किंवा कन्नड बोलत असूनही मराठीत पहिला परिच्छेद लिहिणारा विद्यार्थी, यांची नावे परिपाठात घेतली जाणे आणि तीच नावे वर्षाअखेरच्या अहवाल वाचनात पुन्हा येणे, हे कुठल्याही मुख्याध्यापकाला वेगळ्या निधीशिवाय करता येते. महापालिकेचे वाशी येथील दिव्यांग मुलांसाठीचे शिक्षण, प्रशिक्षण व सेवासुविधा केंद्र, जे ‘ईटीसी’ म्हणून ओळखले जाते, तेथे प्रगती मोजायची ती मुलाच्या स्वतःच्या मागच्या पायरीपासून, कारण दुसरे मापच तेथे लागू पडत नाही. ती दृष्टी उरलेल्या शाळांनी उचलली, तर शहराला गौरवासाठी नवे निकष शोधावे लागणार नाहीत.

सत्कारानंतरही मुलाच्या पाठीशी उभे राहण्याच्या, केळुसकरांच्या त्या तिसऱ्या गोष्टीचे आजचे रूप फार रूक्ष आणि म्हणूनच दुर्लक्षित आहे. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती योजना, जी शाळांत ‘एनएमएमएस’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते, ती २००८ साली सुरू झाली. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपेक्षा अधिक नसलेल्या आणि शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत आठवीत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ती आहे. बौद्धिक क्षमता चाचणी आणि शालेय क्षमता चाचणी अशा प्रत्येकी नव्वद गुणांच्या दोन परीक्षा होतात आणि महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२ शिष्यवृत्त्या आहेत. निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी अशी चार वर्षे, दरवर्षी बारा हजार रुपये, म्हणजे एकूण ४८ हजार रुपये मिळतात. दगडखाणीवर किंवा नाक्यावर काम करणाऱ्या कुटुंबातील मुलीचे लग्न किंवा मुलाची मजुरी नेमकी याच चार वर्षांत ठरते, हे ध्यानात घेतले की या रकमेचे मोल कळते. परंतु ही रक्कम आपोआप येत नाही. पहिल्या वर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करावा लागतो, बँक खाते आधारशी जोडलेले असावे लागते, आणि पुढे प्रत्येक वर्षी त्या अर्जाचे नूतनीकरण करावे लागते. एखाद्या वर्षी नूतनीकरण राहिले तर त्या वर्षाची शिष्यवृत्ती हातची जाते. आठवीनंतर शाळा बदलली, मोबाइल क्रमांक बदलला, कुटुंब भाड्याची खोली सोडून दुसरीकडे गेले, की ज्या शिक्षकाने मुलाला परीक्षेला बसवले त्याचा आणि मुलाचा संपर्क तुटतो, आणि सत्काराचे छायाचित्र तेवढे शाळेच्या फलकावर राहते.

महापालिकेच्या शिक्षण विभागाने शिष्यवृत्तीधारकांच्या सत्काराची यादी समारंभानंतर मिटवू नये. प्रत्येक केंद्रावर, म्हणजे केंद्रप्रमुखाच्या देखरेखीखालील शाळांच्या गटात, अशा विद्यार्थ्यांची चार वर्षांची नोंदवही ठेवावी, एका शिक्षकाकडे तिची जबाबदारी द्यावी, आणि पुढच्या वर्षीच्या समारंभात नव्या नावांआधी मागच्या वर्षीच्या मुलांपैकी किती जणांचे नूतनीकरण झाले हे वाचून दाखवावे. भेटवस्तू म्हणून स्मृतिचिन्हाऐवजी पुस्तके द्यावीत. ऐरोलीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकात समृद्ध ग्रंथालय असताना निवडक मुलांचा समारंभ तेथेच घेणे आणि त्या दिवशी त्यांना ग्रंथालय हिंडून दाखवणे, हे या शहराला सहज शक्य आहे. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानेच तीन चतुर्थांश पालक असतात. हा विषय समितीच्या बैठकीत मांडण्याचा अधिकार त्यांना आहे आणि त्यांनी तो वापरावा.

वाचकांच्या ओळखीत, घरकाम करणाऱ्या ताईंच्या घरी, इमारतीच्या रखवालदाराच्या घरी किंवा स्वतःच्या कचेरीतील सहकाऱ्याच्या घरी, महापालिकेच्या शाळेतून आठवी झालेले मूल असेल, तर त्यांनी दोन गोष्टी विचाराव्यात: त्याने एनएमएमएसची परीक्षा दिली होती का, आणि निवड झाली असल्यास यंदाचे नूतनीकरण झाले का. उत्तर ‘नाही’ आले, तर त्या मुलाबरोबर तासभर बसून पोर्टलवरची मुदत पाहावी आणि अर्ज भरून द्यावा.