‘ळ’ने सुरू होणारे शब्द

प्रिय ताई,

पोरखेळ म्हणालीस तू त्याला. तुझ्या लेकीने किती उत्सुकतेने विचारलं होतं, की मावशी सांगते ती तुमची भाषा खरंच होती का, आणि तू त्या एका शब्दात विषय मिटवलास. चारचौघांत मी गप्प बसले. पण ते मला लागलं. खेळ असता तर तू त्यासाठी इतकी भांडली असतीस का गं?

खेळ होता तो ‘च’च्या भाषेचा. पारनाक्याच्या आपल्या वाड्यात ती प्रत्येक पोराला यायची. शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी टाकायचं आणि पुढे ‘च’ लावायचा. ‘पाणी आण’चं ‘चणीपा चणआ’. आई-काकूंपासून गुपित ठेवायला शिकलो आणि आई-काकूंनाच ती आपल्याहून चांगली यायची! तेव्हा तू वैतागून म्हणालीस, ही भाषाच नव्हे, मराठीनेच उलटा सदरा घातलाय. क्रम मराठी, लिंग मराठी, काळ मराठी. मग कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयातून, त्या १८६४ सालच्या संस्थेतून, पुस्तकं आणून तू शोधत बसलीस की असलं अजून कुणी काय केलंय. महानुभावांची सकळ लिपी सापडली. ग्रंथ परक्याला वाचता येऊ नयेत म्हणून त्यांनी अक्षरंच बदलली होती. करपल्लवी सापडली. हाताचा नागफणा केला की स्वर, कमळ केलं की क-वर्ग, चक्र केलं की च-वर्ग, आणि वर्गातलं कितवं अक्षर ते बोटांनी दाखवायचं. आपण दोघी गच्चीवर तासन्‌तास बोटं नाचवत बसायचो. पण तुझा निकाल तोच: हे सगळं लपवणं झालं, घडवणं नव्हे.

घडवायला तू आवाजापासून सुरुवात केलीस. मराठीत ‘ळ’ने एकही शब्द सुरू होत नाही ना? मग आपले शब्द ‘ळ’नेच सुरू होतील. ‘ळुमे’ म्हणजे पाऊस. भाजीवाल्या आगरी मावशी डोळ्याला ‘डोला’ आणि पाण्याला ‘पानी’ म्हणायच्या. त्यांच्याकडे ‘ळ’ आणि ‘ण’ नाहीतच, हे तू मला दाखवलंस. चहातला ‘च’ आणि चमच्यातला ‘च’ वेगळे आहेत हेही तूच. मी तोपर्यंत दोन्ही एकच समजून लिहीत होते, सगळेच लिहितात. आणि ‘ख’, ‘घ’, ‘भ’ असले हकारवाले सगळे तू एका दुपारी काढून टाकलेस, मला ‘भ’ आवडायचा तरी.

कॅम्पातला तो कापडवाला आठवतो? उल्हासनगर हे नाव १९४९चं. त्याआधी ती कल्याण कॅम्प, महायुद्धातली लष्करी छावणी, आणि फाळणीनंतर तिथे सिंधी कुटुंबं आली. तो ‘ब’ म्हणायचा तेव्हा हवा बाहेर न येता आत ओढली जायची. सिंधीत असे चार आवाज आहेत, ग, ज, ड आणि ब यांचे, आणि देवनागरीत लिहिताना त्यांच्याखाली रेघ देतात. तू काउंटरशी उभी राहून त्याच्याकडून ते पुन्हापुन्हा म्हणवून घेतलेस. ‘मी’ आणि ‘त्याला’ क्रियापदाच्या शेपटीला लावून एका शब्दात वाक्य कसं करतात, तेही त्यानेच सांगितलं. आई ब्लाउजपीसचा भाव करत होती आणि तुझं व्याकरण चाललं होतं.

पुस्तकांत पुढे भाषा घडवणारेही भेटले. झामेनहोफ ज्या बियालिस्तोकमध्ये वाढला तिथे रशियन, पोलिश, जर्मन आणि यिडिश बोलणारे एकमेकांशेजारी राहायचे. सर्वांना सोपी जावी म्हणून त्याने १८८७ साली एस्पेरांतो ही रचलेली भाषा छापली, अवघ्या सोळा नियमांची. तुला ती पटली नाही. सर्वांना सोपी ती कुणाचीच लाडकी नसते, म्हणालीस. तू टोल्किनच्या बाजूची. फिनिशचा नाद आवडला म्हणून त्याने क्वेन्या रचली, वेल्शचा आवडला म्हणून सिंदारिन, आणि त्या भाषा बोलायला माणसं हवीत म्हणून पुढे गोष्टी. तुला गोष्टींची गरजच वाटली नाही. तुझ्या भाषेत बोलायला मी होते.

पण तुझं खरं काम शेपट्यांचं. ‘ळुमेसा’: पाऊस पडतोय, मी पाहिला. ‘ळुमेनो’: पडतोय, असं ऐकलं. ‘ळुमेकी’: पडत असावा. कल्याण स्टेशनावर कुणीतरी येऊन ‘गाडी गेली’ म्हणायचं आणि तू उसळायचीस, पाहिलीत की ऐकलंत? मराठीत आपण ‘म्हणे’ लावतो, पण मनात आलं तर. तुझ्या भाषेत शेपटीवाचून वाक्यच पुरं व्हायचं नाही. पुढे कळलं, तुर्कीत असंच आहे: ‘गेल्दी’ म्हणजे आला, माझ्या देखत, ‘गेल्मिश’ म्हणजे आला म्हणे. तुर्कीचा एक शब्द कानावर पडला नसताना तू तिथवर पोचली होतीस. भाषा कशाने भाषा होते, तर तिच्यात काय गाळता येत नाही त्याने, हे मला कुठल्या तासाला कुणी शिकवलं नाही. ‘मी पोळी खाते’मध्ये क्रियापद माझ्यामागे येतं आणि ‘मी आंबा खाल्ला’मध्ये मला सोडून आंब्यामागे जातं, हेही तूच दाखवलंस. आज शाळेत मी मुलांना व्याकरण शिकवते ते या जोरावर. तुला हे कधी बोलून दाखवलं नव्हतं.

आणि तू बारावीनंतर आपल्या भाषेची वही बंद केलीस. बाहेर लोक भाषा घडवतच राहिले. मार्क ओक्रँडने क्लिंगॉन या आपल्या रचलेल्या भाषेत कर्म आधी, कर्ता शेवटी असा उलटा क्रम मुद्दाम घातला. ‘बाहुबली’ सिनेमातल्या कालकेय टोळीसाठी मदन कार्कीने किलिकी बनवली आणि २०१५ साली सगळा देश ती थिएटरात ऐकत होता. हे वाचताना दर वेळी मला तुझा राग येतो. तू काही त्यांच्यासारखं नाव काढायला हवं होतंस असं नाही. पण स्वतःच्या हाताने केलेल्या कामाला असं हलकं करायचं?

आपलं एक भांडण राहिलंय. प्रश्न विचारताना शेपटी कुणाची? ‘पाऊस पडतोय का’ यात विचारणाऱ्याने पाहिलंय का ते सांगायचं, की उत्तर देणाऱ्याने कसं कळलं ते सांगावं अशी अपेक्षा धरायची? तू म्हणायचीस विचारणाऱ्याची, मी म्हणायचे उत्तर देणाऱ्याची. विचारणाऱ्याला माहीतच नसतं, ताई, तो कसली शेपटी लावणार? मी अजून त्याच मतावर आहे. वही तुझ्याकडे आहे. काढ, नियम पुरा कर आणि मला लिहून पाठव.

तुझी,
धाकटी