डग्गा डिकीत जाता कामा नये

गाडीला सिस्टीम बसवून देणाऱ्या दुकानात चाचणीची गाणी ठरलेली असतात. छाती हादरली की गिऱ्हाईक खूश. मी पेनड्राइव्हवर तबल्याचं एकलवादन आणि भीमसेनजींचे अभंग घेऊन गेलो होतो. बसवणारा पोरगा हसून म्हणाला, “काका, याच्यात बास कुठंय?”

बास होता की. डग्ग्यात होता. हौशी का होईना, मी तबला वाजवतो, आणि गाडीतला डग्गा डग्ग्यासारखा वाजावा एवढीच माझी मागणी होती.

स्पीकर निवडणं त्यामानाने सोपं गेलं. जितके पैसे होते तितक्यात चारही दारांना साधे कोअ‍ॅक्सियल आले असते, नाहीतर पुढच्या दोन दारांना साडेसहा इंची कॉम्पोनंट सेट. मी दुसरा घेतला. मैफलीत गाणारा समोर बसतो. पाठीमागून गाणं ऐकायची हौस मला नाही. मागचे जुने स्पीकर राहू दिले, पण त्यांचा आवाज नावापुरता. खोक्यावर ठळक छापलेल्या ३०० वॉटकडे बघितलंही नाही. कामाचा आकडा आरएमएसचा, तो बारीक अक्षरात असतो. त्याहून कामाची सेन्सिटिव्हिटी: ८८ ऐवजी ९१ डेसिबलचा स्पीकर असेल तर तेवढाच आवाज निम्म्या वॉटमध्ये निघतो. छोट्या अ‍ॅम्पवर भागवायचं असेल तर दुकानदार ज्याबद्दल अवाक्षर काढत नाही तो हाच आकडा आधी बघावा.

ट्वीटरचा निकाल अभंगातल्या टाळांनी लावला. दुकानात लावून पाहिलेला धातूच्या डोमचा ट्वीटर टाळाचा प्रत्येक ठोका कानात खुपसत होता. रेशमी डोमचा सोसवला. तो आरशामागच्या त्रिकोणात, म्हणजे कानापासून हातभर अंतरावर बसणार होता, म्हणून सेटबरोबरच्या पॅसिव्ह क्रॉसओव्हरवरचा जम्पर काढून उणे ३ डेसिबलवर लावून घेतला.

खरं काम पुढेच होतं. डिकीत छोटा सबवूफर, दारांत कॉम्पोनंट. कोणत्या स्वरापर्यंत दाराने वाजायचं आणि कुठून खाली सबने, ही सीमा अ‍ॅम्पवर ठरवायची. पोरानं सवयीने १२० हर्ट्झवर ठेवली. दारांवरचा भार हलका होतो, गाडी दणदणते. मी एकलवादन लावलं. माझा स्वतःचा डग्गा फोनवरच्या ट्यूनरमध्ये साधारण ९० हर्ट्झ दाखवतो. मनगट दाबून घसीट घेतली की तो नाद सव्वाशेच्या वर चढतो. म्हणजे १२० ची सीमा बरोबर घसीटीच्या वाटेत. ‘घे’ डिकीत सुरू व्हायचा आणि चढत चढत पुढच्या दारात यायचा. वादक मधेच मागच्या सीटवर जाऊन बसतोय, असं काहीतरी.

सुमारे ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला सहसा कळत नाही. म्हणून सीमा तिथे किंवा त्याखाली हवी. मग हावरटपणे थेट ६० करून पाहिली, तर दाराचा पत्राच बोलायला लागला. कारण उघड आहे: तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनाला चौपट हालचाल करावी लागते. दारांना आतून ब्युटाइलच्या शीट चिकटवल्या, आतला पत्रा गप्प झाला, पण साडेसहा इंचाच्या मर्यादा शीटने बदलत नाहीत.

शेवटी दारं ८० पासून वर आणि सब ७० पासून खाली. “मधले दहा कुणी वाजवायचे?” पोरानं विचारलं. प्रश्न बरोबर होता. पण सीमा म्हणजे भिंत नव्हे. १२ डेसिबलचा उतार ठेवला तर सीमेपलीकडे सप्तकभर गेल्यावरही आवाज बारा-एक डेसिबलनेच उतरलेला असतो, आणि बंद गाडीची केबिन खालचे सूर आपणहून फुगवते. ती दहाची फट ऐकू आली नाही. उलट दोन्हीकडे १२ चा उतार असल्याने सीमेपाशी सब आणि दारं एकमेकांच्या विरुद्ध ढकलत होती आणि ‘घे’ पोकळ येत होता. सबच्या वायरींची अदलाबदल केली आणि डग्ग्यात मांस भरलं. पोरगा पहिल्यांदा मान डोलावून म्हणाला, “आता मारला, काका.”

एक्स्प्रेसवेवर गेल्यावर त्यातलंही थोडं बदललं. काँक्रीटवर टायरची घरघर नेमके खालचे सूर खाते, पार्किंगमध्ये भरलेला डग्गा शंभरच्या वेगाला रोडावतो. सीमा हलवायची नाही, फक्त सबची पातळी वाढवायची. त्यासाठीचं बटण स्टिअरिंगशेजारी घेतलंय.

राहिला डिले. उजवा स्पीकर मला जवळ, डावा लांब. आवाजाला ३४ सेंटिमीटर जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो, त्या हिशेबाने उजव्याला थोडं थांबवलं की गायक डॅशबोर्डच्या मधोमध येऊन बसतो. माझ्यासाठी. शेजारी बसलेली बायको म्हणते, तिच्या कानाशी एकटा डावा स्पीकरच गातो. तेव्हा दोन प्रीसेट केलेत, एक डिलेसकट आणि एक डिलेविना. ती गाडीत असताना दुसरा असतो, आणि ती बहुतेक वेळा गाडीत असते.