शेजारी बसून पाहणे

वापरकर्ता संशोधन हे नाव भारदस्त. काम मात्र शेजारी बसून पाहण्याचे. आम्ही ते शिकलो मोहल्ल्यातच. 'अर्ज सोपा वाटला का?' असे विचारले की आपल्या आयाबहिणी हमखास म्हणणार, 'अच्छा है, बेटा.' ही झाली अदब. अर्जाबद्दल त्यातून काहीच कळत नाही. म्हणून मोबाइल त्यांच्याच हाती द्यायचा, मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगायचे आणि आपण गप्प राहायचे. (हेच सर्वांत अवघड!)

जेकब नील्सन यांनी २००० साली लिहिले की पाच माणसांच्या चाचणीत बहुतेक दोष उघडे पडतात. वापरणारे गट फार वेगळे असतील तर प्रत्येक गटातली माणसे घ्यावीत, हेही त्यांनीच सांगितले. ते मात्र सोयीस्कर विसरले जाते.

शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरताना एका खालांचे बोट 'आडनाव' या चौकटीपाशी थांबले. त्यांच्या घरात आडनाव कोणी लावतच नाही. चौकट रिकामी ठेवली तर अर्ज पुढे सरकेना. शेवटी त्यांनी तिथे मुलीच्या अब्बांचे नाव घातले. आधार कार्डावर ते नव्हते. नावे जुळली नाहीत तर अर्ज बाद, म्हणजे मुलीची वर्षाची फी गेली. आडनावाची सक्ती काढावी, असे आम्ही टिपणात पहिल्याच ओळीत लिहिले.