मात्रा आणि मुदत

हाड भरून येत नसेल, तर ग्रोथ फॅक्टर कमी पडला, असा पीएचडीच्या दिवसांत माझा ठाम समज होता. 1965 मध्ये मार्शल उरिस्ट यांनी क्षार काढलेलं हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवलं आणि तिथे नवं हाड तयार झालं. त्या हाडात दडलेली प्रथिनं म्हणजे बीएमपी. पेशींना हाड घडवायला लावणारं प्रथिन हाती असताना ते भरपूर का देऊ नये, असं मला वाटे.

रॅटच्या कवटीतलं 8 मिलिमीटरचं भोक आपोआप बुजत नाही. त्यात आम्ही बीएमपी-2 मध्ये भिजवलेला कोलॅजनचा स्पंज बसवायचो. मात्रा वाढवली तसं मायक्रो-सीटीवर हाडाचं आकारमान वाढलं. तो आलेख मी परिषदेत अभिमानाने दाखवला. ऊतींचे काप तेव्हा तयारच होते; उत्तर मिळालं असं मानून मी ते पाहिले नव्हते. परत आल्यावर पाहिले. सर्वाधिक मात्रेच्या कापात बाहेर पातळ कवच होतं आणि आत चरबीने भरलेल्या पोकळ्या. आकडे बरोबर होते, पण त्यांना मी चांगलं हाड म्हटलं होतं.

मग जुने आकडे पुन्हा वाचले. अमेरिकेत 2002 मध्ये कमरेच्या मणक्यांच्या जोडणीसाठी बीएमपी-2 ला मान्यता मिळाली, मात्रा दर मिलिलिटरला 1.5 मिलिग्रॅम. शरीर स्वतः नॅनोग्रॅममध्ये काम भागवतं. 2008 मध्ये तिथल्या नियामकांनी मानेच्या मणक्यांत वापरल्यावर येणाऱ्या, श्वास अडवू शकणाऱ्या सुजेबद्दल इशारा दिला. हे मला आधीही ठाऊक होतं. तो शल्यचिकित्सकांचा प्रश्न म्हणून मी बाजूला सारलं होतं. खरं तर तो माझाच होता. स्पंज बरंचसं प्रथिन सुरुवातीलाच सोडून देतो आणि हाड घडायला आठवडे लागतात. स्पंजासारखा वाहक प्रथिन धरून ठेवत नाही, म्हणून आपण मात्रा वाढवत जातो.

2001 मध्ये डेव्हिड मूनी यांच्या गटाने एकाच पॉलिमर साच्यातून व्हीईजीएफ हा ग्रोथ फॅक्टर लवकर आणि पीडीजीएफ हा दुसरा सावकाश सोडला होता. पहिल्याने नव्या रक्तवाहिन्या उगवतात, दुसऱ्याने त्या पक्क्या होतात. तो शोधनिबंध मला पूर्वी निव्वळ कौशल्य वाटे. आज माझं सगळं काम त्याच वाटेवर आहे: प्रथिनाला हेपरिनच्या आधाराने जेलमध्ये धरून ठेवायचं आणि थोडं थोडं सोडायचं.

आता विद्यार्थी “मॅडम, मात्रा वाढवू का?” असं विचारतात, तेव्हा मी आधी कितव्या दिवशी किती प्रथिन सुटलं ते विचारते. आणि काप पाहिल्याशिवाय आलेख लावू देत नाही.