कुणाकडून?

उप्सालातल्या जुन्या सामानाच्या एका दुकानात, 2009 च्या हिवाळ्यात, मला एक मँडोलिन दिसलं. शेजारी कपबश्यांचा ढीग, मागे लहान मुलांची बर्फावरची घसरगाडी, आणि मध्ये भिंतीला टेकून ते उभं. आठपैकी पाचच तारा शिल्लक. मी ते उचललं आणि बोटं आपोआप पडद्यांवर गेली. तिसरा पडदा ढिला होता. दुकानातल्या बाईंनी विचारलं, "वाजवता का?" मी म्हणालो, "नाही. माझे वडील वाजवायचे."

अब्बा मिरजेला तंतुवाद्यांच्या कारखान्यात कामाला होते. सतारीचे पडदे बांधणं, खुंट्या बसवणं हे दिवसाचं काम. रात्री मात्र एका कव्वाली पार्टीत मँडोलिन. मीरासाहेबांच्या उरुसात मी त्यांच्या मांडीशी बसून कितीदा झोपलो असेन. सज्जाद हुसैन त्यांचं दैवत. ‘संगदिल’, ‘रुस्तम सोहराब’चे संगीतकार म्हणून लोक त्यांना ओळखतात, अब्बा ओळखायचे ते मँडोलिनवर मींड काढणारा माणूस म्हणून. जोडतारांच्या या आखूड वाद्यावर सूर ओढून नेणं किती कठीण, हे पडदे बांधणाऱ्यालाच ठाऊक.

मी आठवीत असताना अब्बांनी वाजवणं सोडलं. मोहल्ल्यात बयान करायला आलेल्या कुणीतरी त्यांना चारचौघांत विचारलं होतं की, मियाँ, उद्या काय जबाब देणार? अब्बा घरी आले, मँडोलिन अम्मीच्या जुन्या ओढणीत गुंडाळलं आणि माळ्यावर ठेवून दिलं. कारखाना मात्र सुटला नाही. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "बनाना रोजी है बेटा, बजाना शौक. रोजी का हिसाब अल्ला लेगा, शौक का तो लोगां लेते."

त्यामुळे मी त्यांच्याकडून काही शिकलो नाही. शिकायला लागलो ते चाळिशीनंतर, सात समुद्रांपलीकडे, आणि तेही स्वीडिश लोकांच्या चाली.

स्वीडनमध्ये अभ्यासमंडळांची जुनी पद्धत आहे. 1902 साली लुंड शहरात ओस्कार ओल्सन यांनी सुरू केलेली ही प्रथा आजही गावोगाव चालते. आठदहा माणसं आठवड्यातून एकदा जमतात आणि काहीतरी शिकतात. आमच्या मंडळात पाच फिडली, एक निकेलहार्पा, एक गिटार आणि माझं मँडोलिन. निकेलहार्पा पाहून मी थबकलोच. गजानं वाजवायचं वाद्य, सूर दाबायला लाकडी कळा, आणि मुख्य तारांखाली आपोआप झंकारणाऱ्या बारा तारा. आपण सारंगीला, सतारीला तरफा म्हणतो त्याच. उप्सालाभोवतीचा उप्लांड प्रांत हे या वाद्याचं घर. कळांमुळे मला आपल्या कव्वालीतला बेंजो आठवला. फोनवर अब्बांना सांगितलं, तर ते कितीतरी वेळ तरफांचेच प्रश्न विचारत राहिले. घोडी कशाची, तारा कुठून जातात, जवारी आहे का?

मँडोलिनच्या तारा फिडलसारख्याच जुळवतात, त्यामुळे फिडलची चाल बोटांखाली सहज येते. अडचण उजव्या हाताची. गज एका ओढीत चार सूर सांधून नेतो. पिकनं प्रत्येक सूर वेगळा टोचला जातो. रेशमाची किनार सुटून मणी सांडावेत तसं होतं. मग काही सूर पिकनं न छेडता डाव्या हाताचं बोट तारेवर आपटून काढायचे, काही बोट उचलताना तार खुडून. मी सवयीनं हिंदी सिनेमासारखी थरथर करायला गेलो, तर मंडळाच्या बाई हसल्या. म्हणाल्या, "ती इटलीला ठेवून ये."

दुसरी अडचण सुरांची. इथल्या जुन्या चालींत तिसरा सूर कधीकधी कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधोमध उभा असतो. फिडलवर बोट सरकवलं की झालं. मँडोलिनचा पडदा ऐकत नाही. म्हणून आले मोलर या मोठ्या वादकाच्या मंदोल्यावर पाव सुरांसाठी जादा पडदे आहेत. तरुणपणी ते ग्रीक संगीतकारांबरोबर बुझुकी वाजवत. नंतर स्वीडिश चालींकडे वळले. अब्बांना हे कळलं तेव्हा ते खूश होऊन म्हणाले, "पडदा सरकाने का काम है, मैं कर के देता."

सर्वांत मोठी अडचण तालाची. पोल्स्का हा तीन मात्रांचा नाच. नाव पोलंडवरून आलं, पण चारशे वर्षांत तो इथला झाला. मी तो दादऱ्यात बसवायला गेलो आणि दर दोन ओळींनी घसरलो. पाय पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पडतो. दुसरी मात्रा हवेत असते. शिवाय प्रत्येक गावात तिची जागा वेगळी. डालार्ना प्रांतातल्या बूदा गावी ती लवकर येते, दुसरीकडे रेंगाळते. नोटेशनमध्ये यातलं काहीच दिसत नाही. बाईंनी शेवटी माझ्या हातातून मँडोलिन काढून घेतलं आणि मला नाचायला लावलं. ताल आधी पायात आला, मग हातात.

कागद आमच्या मंडळात नव्हताच. बाई एक तुकडा वाजवायच्या, आम्ही तो परत वाजवायचा. संपूर्ण चाल आली की त्या तिचं नाव सांगत. त्या नावानं मी चकित झालो. ‘पोल्स्का, यूर्त आन्देर्शकडून.’ म्हणजे यूर्त आन्देर्शनं रचलेली असं नाही, त्याच्याकडून मिळालेली. चाल कुणी रचली हे बहुतेक वेळा माहीत नसतं. कुणाकडून आली हे मात्र सांगायचंच. लहान तोंडी मोठा घास, पण मला मदरशातले दिवस आठवले. अमक्यानं तमक्याकडून ऐकलं, तमक्यानं त्याच्या उस्तादाकडून. मजकुराआधी सनद.

ही सनद अशीच टिकलेली नाही. एकोणिसाव्या शतकात स्वीडनमध्ये धर्मजागृतीच्या चळवळी झाल्या. बायबल वाचणारे म्हणून या लोकांना ‘लेसारे’, वाचक, म्हणत. दारू आणि नाचाबरोबर फिडलही त्यांना सैतानाचं वाद्य वाटू लागलं. होर्गा गावची दंतकथा होतीच: सैतानानं फिडल वाजवून तरुणांना मरेपर्यंत नाचवलं. वादकांनी फिडली जाळल्या, फोडल्या. पुढे 1906 साली चित्रकार आन्देर्श झोर्न यांनी गेसुंदा गावी खेडोपाडीच्या वादकांची स्पर्धा भरवली. निल्स आन्देर्सन या कायदेपंडितानं चाली टिपून घ्यायला सुरुवात केली. त्यांच्या मागे ‘स्वेन्स्का लोतार’चे 24 खंड 1922 ते 1940 या काळात छापले गेले. हजारो चाली, आणि प्रत्येकीवर देणाऱ्याचं नाव.

हे मी अब्बांना फोनवर सांगितलं. फिडली जाळल्याचं ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "यां के लोगां अच्छे, माळे पे रखने तो देते." आणि विषय बदलला.

2013 च्या जानेवारीत अब्बांचा इंतकाल झाला. मी पोचेपर्यंत दफन आटोपलं होतं. चाळिसाव्याला माळ्यावर चढलो. ओढणीची घडी उंदरांनी कुरतडली होती. आत मँडोलिन नव्हतं. कधी दिलं, कुणाला दिलं, अम्मीलाही ठाऊक नव्हतं.

2015 च्या जुलैत आमचं मंडळ डालार्नातल्या बिंगशो गावी गेलं. तिथे 1969 पासून दर उन्हाळ्यात वादकांचा मेळा भरतो. यूर्त आन्देर्श याच गावचा. रमजान चालू होता. रात्रीचे दहा वाजून गेले तरी सूर्य झाडांच्या टोकांवर रेंगाळत होता आणि झाडाझाडाखाली माणसं वाजवत होती. कुणी कुणाला ओळखत नव्हतं, पण चाल ओळखीची असली की सामील होत होतं. मी एका दगडावर खजूर आणि पाण्याची बाटली घेऊन बसलो होतो. शेजारच्या म्हाताऱ्या फिडलवाल्यानं कारण विचारलं, मी सांगितलं. त्यानं फिडल खाली ठेवली आणि सूर्य बुडेपर्यंत माझ्याबरोबर थांबला. माझा रोजा सुटल्यावर म्हणाला, "माझ्या पणजोबांनी फिडल चुलीत घातली होती. पण गुरांमागे जाताना ते तोंडानं चाली गुणगुणायचे. आजोबांनी त्या तिथून उचलल्या." वाद्याशिवाय नुसत्या तोंडानं चाल म्हणायची ही रीत इथे जुनी आहे. तिला त्राल म्हणतात.

मग त्यानं मला विचारलं, "तुझ्या घरचं काही?"

मी नाही म्हणणार होतो. तेवढ्यात कारखान्यातली दुपार आठवली. अब्बा सतारीला पडदे बांधताहेत, तात दातात धरून ओढताहेत, आणि नाकातल्या नाकात एक धून. वाजवणं सोडल्यावरही ती सुटली नव्हती. दोन शेरांच्या मध्ये पार्टी ती वाजवायची. मी ती चाचपडत वाजवली. दुसऱ्यांदा वाजवताना म्हाताऱ्यानं खालचा सूर धरला. मग विचारलं, "कुणाकडून?"

मी अब्बांचं नाव सांगितलं. परक्या देशात, वाद्याबरोबर त्यांचं नाव पहिल्यांदाच मोठ्यानं घेतलं.

"आणि त्यांना कुणाकडून? आणि हिचा दुसरा भाग?" त्यांच्या बहुतेक चालींना दोन भाग असतात. मला दोन्हीची उत्तरं नव्हती.

उप्सालाला परतल्यावर मिरजेला फोन लावला. पार्टीत ढोलक वाजवणारे चाचा तेव्हा ऐंशीच्या पुढे होते, कानांनी अधू. त्यांच्या नातवानं फोन कानाशी धरला. मी धून वाजवली. पलीकडे शांतता. मला वाटलं, ऐकूच गेली नाही. मग चाचांचा आवाज आला, "आधीच कायकू बजारा? आगे की भूल गया तेरा बाप?" आणि ते गुणगुणू लागले. दुसरा भाग वर चढत जात होता. मी तो आयुष्यात ऐकलेला नव्हता. तीनदा म्हणवून घेतला. एका जागी चुकलो तर ओरडले, "हात कडक नको रख रे!"

"चाचा, अब्बा ये किस से सीखे?"

"एक मास्टर आते थे उरुस में. हैदराबाद तरफ के. नाम... मास्टरच बोलते थे सब."

माझ्या वहीत आता ती धून आहे, दोन्ही भागांसह. पहिला भाग अब्बांकडून, दुसरा चाचांकडून, दोघांना मास्टरांकडून. आमच्या मंडळातले आठही जण ती वाजवतात. बाई नव्या माणसाला शिकवतात तेव्हा शेवटी नाव सांगतात. उच्चार चुकतो, पण अब्बांचं नाव त्या गाळत नाहीत.