डावीकडची दोन रेघांची खूण

वडिलांचा जलदान विधी झाला आणि दुसऱ्याच दिवशी आईने त्यांचा फोटो तथागतांच्या मूर्तीशेजारी ठेवला. मी पडलो विहारात भाषणे देणारा कार्यकर्ता. पाहुण्यांदेखत म्हणालो, "अगं आई, मेलेल्या माणसाला बुद्धाच्या रांगेत बसवतात का?" ती काही बोलली नाही. फोटो उचलून तिने पेटीत ठेवला.

मी ती गोष्ट विसरलोही. परवा ऑफिसातून आलो, तर मुलगी जपानीच्या वहीत एकच अक्षर पानभर गिरवत होती. म्हणाली, "पप्पा, हे बुद्धाचे अक्षर."

चार रेघांचे अक्षर. डावीकडच्या दोन रेघा म्हणजे माणूस. त्या खुणेला 'निनबेन' म्हणतात. उजवीकडच्या दोन त्यांच्या 'मु' अक्षरासारख्या. जुने अक्षर सात रेघांचे; त्यात उजवीकडे दुसरेच चिन्ह होते आणि त्याचा सुटा अर्थ 'नाही'. मी चपापलो. बुद्ध माणूस नाही? मुलगी हसली. "ते चिन्ह नुसते उच्चारापुरते. चिनी लोकांनी आपल्याकडचा 'बुद्ध' शब्द लिहायला हे अक्षर आवाजावरून घेतले." आवाजावरून का होईना, पण बुद्ध लिहिताना पहिला हात माणसावरच पडतो, याचे मला बरे वाटले.

जपानीत याचे उच्चार मुख्यतः दोन. चिनीवरून आलेला 'बुत्सु'. नारा शहरातल्या तोदाइजी विहारातील प्रचंड मूर्तीचा नेत्रोन्मीलन सोहळा इ.स. ७५२ मध्ये झाला. तिला 'दाइबुत्सु' म्हणतात, म्हणजे मोठा बुद्ध. दुसरा उच्चार 'होतोके'. हा शब्द ते बुद्धाला लावतात, आणि वारलेल्या माणसालाही.

मला आईची पेटी आठवली.

जपानची चाल आपण उचलावी, असे माझे म्हणणे नाही. तथागत मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत, ही बाबासाहेबांची शिकवण मला मान्यच आहे. पण आईने पूजा कुठे मांडली होती? मिलच्या पाळ्या करून ज्याने पोराला बी.कॉम. केले, त्या माणसाला तिने घरातली चांगली जागा दिली होती. मी तत्त्व सांगितले. समोरचा माणूस पाहिला नाही.

त्याच रात्री पेटी उघडून फोटो आईच्या हाती दिला. "तुला वाटेल तिथे लाव," म्हणालो. तिने तो मूर्तीच्या खालच्या बाजूला, भिंतीवर लावला. म्हणाली, "शेजारी कशाला रे? ते तर त्यांच्या वाटेने चालणारे."

मला जे भाषणात सांगता आले नाही, ते तिला आधीपासून ठाऊक होते. कार्यकर्ते बंधूंनो, घरात धम्म सांगायला बसाल तेव्हा डावीकडची ती दोन रेघांची खूण आधी पाहा.