दिवस गेलेल्या बाईचा नायटा

पावसाळा सरता सरता माझ्याकडे येणाऱ्या गर्भवतींची एक ठरलेली तक्रार असते. परकराची नाडी बसते तिथे, जांघेत, स्तनांखाली गोल चट्टे आणि झोप उडवणारी खाज. सोबतची सासू बजावते, "डॉक्टर, औषध नको हं, बाळंतपण होऊ दे." आणि सुनेच्या पर्समधून निघते ती मेडिकलमधून आणलेली, घरात सगळेच लावतात ती ट्यूब. गोळीला घाबरण्यात तथ्य आहे. ट्यूबबद्दलच्या निर्धास्तपणात मात्र अजिबात नाही.

आधी गोळीबद्दल. सर्वांत जास्त विचारणा होते ती फ्लुकोनाझोलची. बुरशीच्या पेशीच्या आवरणाला एर्गोस्टेरॉल लागते. ते घडवणारे विकर हे औषध अडवते. त्याच जातीचे विकर आपल्या पेशींतही कोलेस्टेरॉल घडवत असते. बुरशीचे विकर थोड्या औषधाने बंद पडते, आपले सहसा पडत नाही. म्हणून प्रश्न मात्रेचा होतो. फुप्फुसातल्या किंवा मेंदूच्या आवरणातल्या बुरशीसाठी पहिल्या तिमाहीत रोज ४०० ते ८०० मिलिग्रॅम घेतलेल्या काही मातांच्या बाळांत कवटी, चेहरा, हातापायांची हाडे आणि हृदय यांत एकाच धाटणीची व्यंगे आढळली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये त्याबद्दल इशारा दिला.

अंगावरून पांढरे जाते, खाज येते म्हणून दिली जाणारी १५० मिलिग्रॅमची एकच गोळी ही वेगळी गोष्ट. डेन्मार्कमध्ये प्रत्येक गर्भारपणाची आणि औषधाच्या चिठ्ठीची नोंद राहते, त्यामुळे या गोळीबद्दलची उत्तरे बरीचशी तिथून आली. २०१३ च्या अभ्यासात एकूण व्यंगे वाढलेली दिसली नाहीत. हृदयाचा एक विशिष्ट दोष मात्र दहा हजारांत सुमारे ३ वरून १० वर गेला. २०१६ मध्ये चौदा लाख गर्भारपणांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा सातव्या ते बाविसाव्या आठवड्यात गर्भपाताचा धोका जवळपास दीडपट दिसला. असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. तरीही दुसरा उपाय हाताशी असताना ही गोळी मी लिहीत नाही.

पण पाळी चुकल्याचे कळण्याआधीच जिने ती गोळी घेतली आहे, ती रडत येते आणि विचारते, "पाडावं लागेल का?" नाही. एका गोळीपायी गर्भ पाडायचे काहीही कारण नाही. प्रसूतितज्ज्ञांना सांगायचे आणि अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी नीट करून घ्यायची. या भीतीपायी घाईने झालेले निर्णय मला गोळीपेक्षा जास्त अस्वस्थ करतात.

दुसरा उपाय साधा, स्वस्त आणि जुना आहे: क्लोट्रिमॅझोल. त्वचेवर लावल्यास त्यातले अर्धा टक्कासुद्धा रक्तात पोचत नाही. योनीमार्गात ठेवल्यास तीन ते दहा टक्के. गरोदरपणात योनीमार्गासाठी तो सात दिवस वापरायचा, एका दिवसात उरकायचा नाही. चट्ट्यांवर लावायचा तो चट्टे दिसेनासे झाल्यावरही काही दिवस. हाच भाग कुणी पाळत नाही.

आता ती ट्यूब. त्यात बुरशीच्या औषधासोबत बहुधा क्लोबेटॅसोल असते, म्हणजे सर्वांत जहाल स्टेरॉइडांपैकी एक. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी पसरत राहते आणि जांघेत कायमचे व्रण पडतात. असे जहाल स्टेरॉइड गर्भारपणात भरपूर वापरले, म्हणजे एकूण ३०० ग्रॅमच्या वर, तर बाळाचे वजन कमी भरण्याशी त्याचा संबंध आढळला आहे. शिवाय टर्बिनाफिन या बुरशीच्या औषधाला न जुमानणारी ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए ही बुरशी आपल्याकडे पसरली आहे, ती वेगळीच.

जिवावर बेतले तर हिशेब बदलतो. म्युकरमायकोसिससारख्या आजारात गर्भवतीलाही अँफोटेरिसिन बी द्यावेच लागते आणि शिरेतून द्यायच्या औषधांत गर्भारपणी त्याचाच अनुभव सर्वाधिक आहे.

नायट्याला मात्र थांबायला वेळ असतो. इट्राकोनाझोल हे पोटात घ्यायचे औषध बाळंतपणानंतरच, मूल हवे असलेल्या बाईला ते द्यायचे तर गर्भनिरोधन आधी, आणि कोर्स संपल्यावरही दोन महिने. ग्रिसिओफुल्विन गरोदरपणात वर्ज्यच. आणि ते नवरा घेत असेल तर औषध थांबल्यावर सहा महिने त्यानेही मुलाचा विचार करू नये. हे मी सांगितले की बहुतेक नवरे पहिल्यांदाच मोबाइलमधून मान वर काढतात.